पेनने आठ, पेन्सिलने तीन

8 ऑगस्ट 2015 रोजी लेस्टर सिटीचा संघ संडरलंडविरुद्ध मोसमाचा पहिला सामना खेळायला उतरला. यादी अशी होती : श्मायकल, डी लाट, मॉर्गन, हूथ, श्लुप, महरेझ, ड्रिंकवॉटर, किंग, ऑलब्रायटन, ओकाझाकी, वार्डी. लेस्टरने सामना 4-2 असा जिंकला. नऊ महिन्यांनी हाच क्लब इंग्लंडचा विजेता झाला, तेव्हा जगभरच्या फुटबॉलवेड्यांना जो संघ तोंडपाठ झाला होता तो मात्र थोडा निराळा होता. डी लाटच्या जागी सिम्पसन, श्लुपच्या जागी फुक्स, किंगच्या जागी कांटे. आठ नावं तीच, तीन बदललेली.

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या जगात एक खेळ मैदानाबाहेर रंगतो. यंदा आपल्या संघाचे पहिले अकरा कोण? वर्तमानपत्रं मैदानाची हिरवी आकृती काढून त्यावर अकरा गोल छापतात, माजी खेळाडू टीव्हीवर आपापली यादी मांडतात, आणि पुण्यात चहाच्या टपरीवर आमच्यासारखे लोक वहीच्या पाठच्या पानावर तेच करतात. या अंदाजांना कितपत अर्थ असतो? ते कशावर उभे असतात आणि कुठे कोसळतात? या सगळ्याचा एकदा नीट आढावा घ्यायला हवा.

प्रश्न एक नाही, दोन

पहिली गोची प्रश्नातच आहे. ‘पहिले अकरा कोण’ असं विचारताना आपण दोन गोष्टी एका श्वासात विचारतो. पहिल्या दिवशी मैदानात कोण उतरेल, हा एक प्रश्न. मोसमाचा संघ म्हणून पुढे कोण लक्षात राहील, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं बऱ्याचदा एकमेकांशी जुळत नाहीत.

मँचेस्टर युनायटेडचं 1995-96चं उदाहरण बघा. त्या उन्हाळ्यात अॅलेक्स फर्ग्युसन यांनी इन्स, ह्यूज आणि कांचेल्स्किस असे तीन मोठे मोहरे जाऊ दिले. कँटोना बंदी भोगत होता, तो ऑक्टोबरपर्यंत खेळू शकणार नव्हता. 19 ऑगस्टला अॅस्टन व्हिलाविरुद्ध नेव्हिल बंधू, बट, स्कोल्स अशी पोरं मैदानात उतरली आणि संघ 3-1 असा हरला. बेकहॅम त्या दिवशी बदली खेळाडू म्हणून आला आणि युनायटेडचा एकमेव गोल त्याने केला. पोरांच्या जोरावर काही जिंकता येत नसतं, असा निकाल समीक्षक अॅलन हॅन्सन यांनी त्याच रात्री टीव्हीवर देऊन टाकला. मोसमाच्या शेवटी युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. मे 1996च्या कप अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरांपैकी ऑगस्टच्या त्या यादीतले होते सहा : श्मायकल, अर्विन, पॅलिस्टर, फिल नेव्हिल, कीन आणि बट.

म्हणजे पहिल्या दिवसाची यादी कुणी तंतोतंत ओळखली असती, तरी मोसमाचा संघ त्याला जेमतेम निम्मा कळला असता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहितीतून मिळतं. कोण तंदुरुस्त आहे, कोण बंदीत आहे, कोण सुट्टीवरून कालच परतलाय, एवढं कळलं की बरंचसं काम होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ऑगस्टमध्ये कुठेच नसतं, अगदी प्रशिक्षकाच्या डोक्यातही नसतं.

ओळखणं सोपं होतं तेव्हा

एके काळी या खेळात फारशी गंमत नव्हती, कारण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असायचं. 1980-81मध्ये अॅस्टन व्हिलाने 42 सामन्यांची लीग जिंकली ती अख्ख्या मोसमात फक्त 14 खेळाडू वापरून. त्यांपैकी सात जण एकही सामना चुकले नाहीत. अशा संघाची यादी शाळकरी पोरगाही सांगू शकला असता.

त्या काळात शर्टावरचा आकडा जागा सांगायचा. 1 म्हणजे गोलरक्षक, 9 म्हणजे मुख्य आघाडीपटू, आणि अकरापर्यंतचा आकडा पाठीवर आला की तुम्ही संघात. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडूची सोयसुद्धा 1965मध्ये आली, तीही सुरुवातीला फक्त जखमी खेळाडूच्या जागी. पुढे 1993-94पासून प्रीमियर लीगने खेळाडूला मोसमभरासाठी कायमचा आकडा द्यायला सुरुवात केली, आणि आकडा आणि जागा यांचं नातं सुटलं.

डिसेंबर 1995मध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेला खेळाडू मोकळा झाला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवरचं संख्येचं बंधन गेलं. चारच वर्षांनी, 26 डिसेंबर 1999 रोजी, चेल्सीने साउदॅम्प्टनविरुद्ध एकही ब्रिटिश खेळाडू नसलेला संघ उतरवला. बाजार खुला झाला तशी पथकं फुगली. आता तर एका सामन्यात पाच बदली खेळाडू चालतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी युरोपातले सामने असतात. ‘पहिले अकरा’ हा शब्द राहिला, पण त्यामागची वस्तू पातळ होत गेली.

अंदाज कशावर बांधतात

सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे गेल्या मोसमात कोण किती मिनिटं खेळला. प्रशिक्षक तोच असेल आणि खेळाडू विकला गेला नसेल, तर बहुतेक जागा इथेच ठरतात. त्यातही गोलरक्षकाची जागा सर्वांत पक्की, कारण ती एकच असते आणि दर आठवड्याला तिथे प्रयोग करायची कुणाची छाती होत नाही.

पण प्रशिक्षक बदलला की हा आधार डळमळतो. लेस्टरने 2014-15च्या शेवटी लीगमधून खाली जाण्याचं संकट टाळलं ते तीन मधले बचावपटू खेळवून. मग जूनअखेर नायजेल पिअर्सन यांना काढलं, आणि 13 जुलैला क्लाउडिओ रानिएरी आले. पहिला सामना तेव्हा चार आठवड्यांवरही नव्हता. रानिएरींना चेल्सीत असताना ‘टिंकरमन’ हे नाव पडलं होतं, आपल्या भाषेत खुडबुड्या, दर सामन्याला संघ उसकटून बसवणारा. जुना संघ तीन बचावपटूंचा आणि नवा प्रशिक्षक खुडबुड्या, या दोन्ही गोष्टी धरून कुणी यादी बनवली असती तर ती चुकलीच असती. रानिएरींनी सरळ चार बचावपटूंचा संघ उतरवला, आणि त्या मोसमात तर ते जवळजवळ एकाच संघाला चिकटून राहिले.

दुसरा आधार हंगामपूर्व मैत्रीपूर्ण सामन्यांचा. हा आधार फसवा आहे. जुलैतला असा सामना एकदा निवांत बसून बघावा. पहिल्या अर्ध्यात एक अकरा धावतात, मध्यंतरानंतर जवळपास सगळा संघ नवा येतो, टीव्हीवरचा निवेदक नावं शोधत राहतो, आणि पाठीवर साठच्या घरातले आकडे असलेली पोरं जिवाच्या आकांताने पळत असतात, कारण त्यांच्यासाठी तोच वर्षातला सर्वांत मोठा सामना असतो. त्या दिवशी दोन गोल करणारा पोरगा आपण लगेच यादीत टाकतो. ऑगस्टअखेर तो उसनवारीवर दुसऱ्याच क्लबात गेलेला असतो. यातल्या कुठल्या सामन्याकडे खरंच लक्ष द्यायचं असेल तर ते शेवटच्या. पहिल्या लीग सामन्याच्या आठवडाभर आधी होणारा तो सामना ही रंगीत तालीम असते. तिथे प्रशिक्षक साठ-सत्तर मिनिटं ज्यांना मैदानात ठेवतो, त्यांच्यावर त्याची भिस्त आहे असं समजावं.

तिसरा आधार म्हणजे कॅलेंडर. ज्या उन्हाळ्यात विश्वचषक, युरो किंवा कोपा अमेरिका असते, तेव्हा लांबपर्यंत खेळलेले खेळाडू उशिरा परततात. 14 जुलै 2024च्या युरो अंतिम सामन्यात स्पेनचा रॉड्री जखमी होऊन मध्यंतरालाच बाहेर गेला. 18 ऑगस्टला मँचेस्टर सिटीचा पहिला लीग सामना चेल्सीशी होता. रॉड्री संघात नव्हता. मधल्या फळीत खेळलेल्या कोवाचिचने गोलही केला. हे ओळखायला ज्योतिष नको होतं, तारखा मोजल्या तरी पुरे होतं. बंदीचंही तसंच. मे 2025मध्ये मोसमाच्या शेवटच्या दिवशी लिव्हरपूलच्या ग्रावेनबर्खला लाल कार्ड मिळालं, आणि ऑगस्टमधला नव्या मोसमाचा पहिला लीग सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला. उन्हाळ्यात सगळे जण नव्या खरेदीच्या गप्पा मारत असतात आणि मे महिन्यातलं कार्ड विसरून जातात.

चौथा आधार नियमांचा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. प्रीमियर लीगमध्ये 21 वर्षांवरचे जास्तीत जास्त 25 खेळाडू नोंदवता येतात, आणि त्यात इंग्लंड-वेल्समधल्या क्लबांत न घडलेले 17हून जास्त चालत नाहीत. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये पगारावर मर्यादा आहे, पण 2007मध्ये बेकहॅमच्या आगमनाच्या वेळी त्या मर्यादेबाहेर मोठा पगार देता येईल अशा निवडक खेळाडूंची तरतूद झाली. आज एका क्लबाला असे तीन खेळाडू ठेवता येतात. एवढा पैसा ओतलेला माणूस धडधाकट असताना बाकावर बसवायचा, हे कुठल्याही मालकाच्या गळी उतरत नाही. तिथे यादी लिहायला बसलात तर ही तीन नावं आधी लिहावीत.

बाजारात तुरी

खरी अडचण बाजाराची आहे. युरोपात मोसम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो, आणि खेळाडूंची खरेदी-विक्री महिन्याच्या अखेरीपर्यंत चालू राहते. म्हणजे ज्या बाजारातून संघ उभा राहायचा तो बंद व्हायच्या आधीच संघ खेळायला लागतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

प्रीमियर लीगने 2018 आणि 2019मध्ये हा घोळ मिटवायचा प्रयत्न केला आणि मोसमाचा पहिला सामना होण्याआधीच खरेदी बंद केली. पण बाकीच्या युरोपचा बाजार उघडाच राहिला. इंग्लिश क्लबांना खेळाडू गमावता येत होते, त्यांच्या जागी आणता मात्र येत नव्हते. 2020पासून जुनी पद्धत परत आली.

2025मध्ये न्यूकॅसलचा आघाडीपटू अलेक्झांडर इसाक क्लबाशी बिनसल्यामुळे पहिल्या सामन्यात खेळलाच नाही, आणि 1 सप्टेंबरला, बाजार बंद व्हायच्या दिवशी, 12.5 कोटी पौंडांच्या, ब्रिटनमधल्या विक्रमी किमतीला लिव्हरपूलला गेला. त्याचं नाव जुलैमध्ये ज्यांनी न्यूकॅसलच्या यादीत लिहिलं ते चुकले. ज्यांनी लिव्हरपूलच्या पहिल्या दिवसाच्या यादीत लिहिलं तेही चुकले.

चूक एकटी येत नाही

चेल्सीच्या 2016-17च्या मोसमात या विषयातले सगळे धडे एकत्र सापडतात. नवे प्रशिक्षक अँतोनियो काँटे यांनी 15 ऑगस्टला वेस्ट हॅमविरुद्ध चार बचावपटूंचा संघ उतरवला : कूर्तवा, इव्हानोविच, केहिल, टेरी, अझपिलिक्वेटा, कांटे, विलियन, ऑस्कर, मॅटिच, हझार्ड, कोस्टा. लेस्टरचा कांटे आता इथे आला होता. सामना 2-1 असा जिंकला. 24 सप्टेंबरला आर्सेनलच्या मैदानावर मात्र चेल्सी मध्यंतरालाच 3-0 अशी मागे होती. दुसऱ्या अर्ध्यात काँटे यांनी फाब्रेगासला काढून मार्कोस अलोन्सोला आणलं आणि मागे तीन बचावपटू ठेवले. पुढच्या सामन्यापासून तीच रचना पक्की झाली, चेल्सीने लीगमध्ये ओळीने 13 सामने जिंकले आणि शेवटी 93 गुणांसह विजेतेपद मिळवलं.

त्या नव्या संघात पहिल्या दिवशीचे सात जण उरले. टेरी, इव्हानोविच, ऑस्कर आणि विलियन बाहेर. डेव्हिड लुईझ, अलोन्सो, मोझेस आणि पेद्रो आत. लुईझ आणि अलोन्सो तर पहिल्या सामन्याच्या दिवशी क्लबातच नव्हते, बाजार बंद होताना आले. मोझेस क्लबाचाच होता, पण आधीचे तीन मोसम तो लिव्हरपूल, स्टोक आणि वेस्ट हॅमकडे उसनवारीवर खेळून आला होता. इव्हानोविच आणि ऑस्कर जानेवारीच्या बाजारात क्लब सोडून गेले.

यादीतल्या चुका एकेकट्या येत नाहीत, हे इथे दिसतं. व्यूहरचना बदलली की तीन-चार जागा एकदम हलतात. चार बचावपटूंमधला फुलबॅक तीन बचावपटूंच्या रचनेत एक तर मध्ये सरकतो, जसा अझपिलिक्वेटा सरकला, नाही तर बाहेर पडतो, जसा इव्हानोविच पडला. म्हणून नावांचा अंदाज करण्याआधी आकृतीचा अंदाज करावा लागतो.

आता थोडं गणित. समजा प्रत्येक नावाबद्दल आपली खात्री शंभरात नव्वद आहे. ऐकायला भक्कम वाटतं. पण अकरा वेळा नव्वद टक्क्यांचा गुणाकार केला की अकराच्या अकरा बरोबर येण्याची शक्यता 31 टक्क्यांवर येते. त्याहून वास्तव चित्र असं : आठ नावं 95 टक्के पक्की, तीन 60 टक्के. सरासरी नऊहून जास्त नावं बरोबर येतील, पण पूर्ण यादी सात प्रयत्नांत एकदाच जुळेल. इथे प्रत्येक नाव स्वतंत्र धरलं आहे, प्रत्यक्षात ती अशी एकमेकांना बांधलेली असतात. म्हणून एका वर्षी यादी पूर्ण जुळते आणि दुसऱ्या वर्षी चार नावं एकदम कोसळतात. संगणकाची प्रारूपंही याच भिंतीशी येऊन थांबतात. मिनिटं, वय, दुखापती, किंमत हे सगळं त्यांना भरवता येतं. नव्या प्रशिक्षकाच्या मनातली आकृती भरवता येत नाही.

फातोर्डा आणि मुंबई

आपल्याकडे इंडियन सुपर लीगमध्ये हा खेळ वेगळ्या कारणांनी अवघड होतो. 2021-22पासून मैदानात एका वेळी परदेशी खेळाडू चारच असू शकतात, म्हणजे किमान सात भारतीय हवेतच. त्यामुळे इथला अंदाज ‘कोण चांगला’ यापेक्षा ‘परदेशी चार कुठल्या जागांवर खर्च करायचे’ यापासून सुरू होतो. परदेशी आघाडीपटू दोन घेतले की मधल्या बचावात भारतीय जोडी लागते, आणि मग सगळी यादी फिरते. करार छोटे असतात, प्रशिक्षक पटापट बदलतात, आणि मोसमाआधीच्या ड्युरँड कपात काही क्लब राखीव पोरांना उतरवतात. म्हणजे रंगीत तालीमही धड बघायला मिळत नाही.

एक आधार मात्र इथे चांगला चालतो. प्रशिक्षक कुठे गेला ते बघा, त्याची माणसं मागोमाग येतात. सर्जिओ लोबेरा एफसी गोवाकडून मुंबई सिटीकडे आले, तसे 2020-21साठी जाहू, बूमूस, मुर्तादा फॉल आणि गोव्याचा मंदार राव देसाई हे चौघेही मुंबईच्या संघात दाखल झाले. त्या मोसमातली मुंबईची यादी ओळखायची तर आधी गोव्याची जुनी यादी उघडावी लागत होती. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यातच झाला. नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात जाहूला मध्यंतराआधी लाल कार्ड मिळालं आणि मुंबई 1-0 अशी हरली. ज्या खेळाडूभोवती सगळा डाव रचला होता तोच दुसऱ्या सामन्यात बाहेर. तरीही त्या वर्षी साखळीतलं पहिलं स्थान आणि करंडक दोन्ही मुंबईने मिळवले.

2025मध्ये तर महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आल्यामुळे मोसम नेहमीच्या सप्टेंबरात सुरूच झाला नाही. पहिले अकरा कोण हे बाजूला राहिलं, लीग होणार की नाही याचाच अंदाज करायची पाळी आली. त्याच ऑक्टोबरात आशियाई स्पर्धेसाठी सौदीचा अल-नस्र मडगावला आला, तेव्हा गोव्यात यादीतल्या एकाच नावाची चर्चा होती. रोनाल्डो येणार का? तो आलाच नाही. अल-नस्र 2-1 असा जिंकला, पण एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसच्या गोलाने फातोर्डा स्टेडियम दणाणून गेलं. त्या गोलाचा अंदाज बांधत बसायला कुणाला सवडच नव्हती.

हौस आणि हिशेब

अंदाजाची ही हौस पुढे खेळच बनली. फँटसी प्रीमियर लीगमध्ये एक कोटीहून जास्त लोक दरवर्षी 15 जणांचं पथक निवडतात. काल्पनिक 10 कोटी पौंडांची थैली, एका क्लबाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू. ज्याचा खेळाडू बाकावर बसला त्याचा आठवडा वाया. पेप ग्वार्दिओला कुणाला विश्रांती देतील या धास्तीला तर या मंडळींनी ‘पेपचं रूलेट’ असं नावच दिलंय. आपल्याकडे मुंबईत 2008मध्ये सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हनने अकरा निवडण्याच्या या सवयीला पैशाची जोड दिली. ऑगस्ट 2025मधल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि ड्रीम इलेव्हनच्या पैशांच्या स्पर्धाही थांबल्या. सामन्याच्या तास-सव्वा तास आधी जाहीर होणाऱ्या यादीकडे डोळे लावून बसणारे लोक मात्र कमी झाले नाहीत.

आठ, सात, सहा. तीन विजेत्या संघांमध्ये पहिल्या दिवसापासून टिकलेल्या नावांचे हे आकडे. ही तीन उदाहरणं मी निवडलेली आहेत, त्यांवरून नियम सिद्ध होत नाही. पण यातल्या दोन मोसमांत बदल नेमका कधी झाला ते जुळवून पाहिलं तर गंमत दिसते. 2015मध्ये लेस्टर आर्सेनलकडून 5-2 असा हरला, तारीख 26 सप्टेंबर. त्यानंतर रानिएरींनी दोन्ही फुलबॅक बदलून सिम्पसन आणि फुक्स यांना आणलं. 2016मध्ये चेल्सी आर्सेनलकडूनच 3-0 अशी हरली, तारीख 24 सप्टेंबर. दोन्ही विजेते संघ एका पराभवातून घडले, आणि तो पराभव ऑगस्टमध्ये कुणाच्याही यादीत नव्हता.

म्हणून मी आता वहीत अकरा नावं एकाच शाईने लिहीत नाही. गेल्या वर्षीची मिनिटं, मे महिन्यातली कार्डं, सुट्ट्यांच्या तारखा, शेवटचा मैत्रीपूर्ण सामना, एवढं पाहून जी नावं हलणार नाहीत असं वाटतं ती पेनने. बहुधा सात-आठ होतात. उरलेली पेन्सिलने, आणि शेजारी दुसरं नाव लिहायला जागा सोडून. मग यादी मिटवून ठेवायची ती सप्टेंबरअखेरीपर्यंत, संघ पहिल्यांदा सपाटून हरेपर्यंत. त्या रात्री वही उघडली की पेन्सिलने लिहिलेल्या नावांपैकी कुठलं खोडायचं ते आपोआप कळतं. कधी कधी पेनने लिहिलेलंही एखादं खोडावं लागतं.